एकाच फाळणीचे दोन निर्वासित : जरीपटका आणि मुलचेरा

पासबुक_बंद (धागाकर्ता)
बँकेच्या नोकरीत माझी सहा वर्षे नागपुरातल्या जरीपटक्याच्या शाखेत गेली आणि निवृत्तीपूर्वीची तीन वर्षे गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीला. पहिल्या ठिकाणी काउंटरपलीकडे बहुतेक सिंधी खातेदार असत. दुसऱ्या ठिकाणी आठवड्यातले दोन दिवस तरी चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांतल्या वसाहतींमधून आलेल्या बंगाली शेतकऱ्यांची रांग असे. दोन्ही समाज फाळणीने घरदार सोडायला लावलेले, दोघांनाही सरकारदरबारी 'निर्वासित' हाच शब्द, आणि दोघांच्याही तिसऱ्या पिढीशी माझे व्यवहार झाले. जरीपटक्यात मी दुकानाच्या तारणावर कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून देत असे, तर चामोर्शीत तेवढ्याच वयाच्या माणसाच्या पीककर्जाचे नूतनीकरण करत असे.

परवा सकाळी फिरताना आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ म्हणाले की धंदा रक्तातच असावा लागतो, सिंध्यांच्या तो आहे आणि बंगाल्यांच्या नाही, विषय संपला. माझ्या मते विषय तिथे सुरू होतो. दोन्ही समाजांची आजची सामाजिक पत आणि आर्थिक स्थिती यांत एवढे अंतर कशामुळे पडले असावे? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

सदर_बाजार
धंदा रक्तात असता तर एव्हाना रक्तपेढीतून दोन बाटल्या मीही चढवून घेतल्या असत्या.

जुनी_इतवारी
रक्त हा शब्द सोडून द्या, पण स्वभाव नाकारू नका. आमचे इतवारीत कापडाचे दुकान होते. वडील सांगत की १९४८-४९ च्या सुमारास सिंधी पोरे सायकलच्या कॅरिअरवर कापडाचे गठ्ठे बांधून गल्लोगल्ली फिरू लागली, तेव्हा इतवारीतल्या जुन्या व्यापाऱ्यांनी त्यांची टिंगल केली. आमच्याकडे गिऱ्हाइकाने गादीवर येऊन बसायचे, चहा घ्यायचा आणि मग थान उलगडायचे, अशी रीत होती. ही मंडळी गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन उभी राहत आणि शेकड्याला दोन रुपये सुटले तरी माल विकून मोकळी होत. महिन्यातून एकदा दहा टक्के मिळवण्यापेक्षा दोन टक्के आठ वेळा मिळवावेत, हा हिशेब आमच्या वडिलांना समजत होता, पण अंगवळणी पडला नाही. पुढे आमचे दुकान बंद झाले आणि त्या सायकलवाल्यांपैकी एकाच्या मुलाकडून मी लग्नाचा बस्ता घेतला. हे कोणत्या कायद्याने झाले, ते मला कोणीतरी सांगावे.

कोकी_पापड
मी जरीपटक्यात वाढलेली सिंधी मुलगी आहे (मुलगी म्हणजे आता बावन्न वर्षांची), आणि आमचे एवढे कौतुक वाचून मला संकोच वाटतो. सगळे सिंधी व्यापारी होते हा समज सिंधमध्येच खोटा ठरला असता. तिथे भाईबंद हा व्यापार करणारा वर्ग होता आणि आमिल हा सरकारी नोकरी, शिक्षण, वकिली यांत असणारा. माझे आजोबा हैदराबादचे, म्हणजे सिंधमधल्या हैदराबादचे, आमिल होते आणि शाळेत शिकवत. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली, त्यानंतर त्यांनी जहाजाने मुंबई गाठली. काही महिने कल्याणच्या छावणीत काढले, जिचे पुढे उल्हासनगर झाले, आणि मग एका नातलगाच्या पत्रावरून ते नागपूरला आले. त्या काळी नागपूर ही मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होती, त्यामुळे इथे मास्तरकी मिळेल अशी त्यांची आशा होती. ती मिळाली नाही, कारण त्यांचे सारे शिक्षण आणि अध्यापन सिंधीतून झालेले होते. आजी पापड लाटायची आणि आजोबा ते हॉटेलांत पोचवायचे. त्यांना हिशेब जमत नसे, उधारी मागायला लाज वाटे, आणि ते शेवटपर्यंत वाईट व्यापारी राहिले.

दुसरे असे की जरीपटक्याच्या मुख्य रस्त्यावरची दुकाने पाहून मत बनवणाऱ्यांनी मागच्या गल्ल्यांत एकदा जावे. दुसऱ्याच्या दुकानात पगारावर काउंटर सांभाळणारे सिंधी तिथे पुष्कळ भेटतील.

पासबुक_बंद
ताई, हे अगदी खरे आहे. शाखेत मोठ्या मर्यादेची खाती मोजकीच होती. बाकी बचत खात्यांतली शिल्लक इतर कोणत्याही वस्तीसारखीच असे.

धंतोलीकर
धाग्याच्या गृहीतकातच मला चूक दिसते. नागपुरात बंगाली समाज गरीब कधी होता? नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस होते. बेंगॉल नागपूर रेल्वेमुळे कितीतरी बंगाली कुटुंबे इथे स्थायिक झाली. आमच्या धंतोलीत निम्मे डॉक्टर, वकील आणि प्राध्यापक बंगाली असत, आणि त्यांच्या दुर्गापूजेला आम्ही लहानपणी खिचडीच्या प्रसादासाठी रांगा लावत असू.

मुलचेऱ्याचा_मास्तर
धंतोलीकर साहेब, आपण ज्यांच्याविषयी लिहिले ते आणि आम्ही, दोघेही बंगाली बोलतो, एवढाच काय तो संबंध आहे. ती मंडळी इंग्रजी शिकून नोकरीवर बदलून आली. आम्हाला मालगाडीसारख्या भरलेल्या गाडीतून आणून जंगलात उतरवले. माझ्या वडिलांनी धंतोलीतल्या एका बंगाली घरी काही काळ माळीकाम केले. घरची मंडळी प्रेमळ होती, पण त्यांची बोली निराळी, आमची निराळी, आणि वडिलांचे पाणी पिण्याचे भांडेही निराळे. सविस्तर रात्री लिहितो, सध्या शाळेत आहे.

सदर_बाजार
भांड्याचा मुद्दा वाचून धंतोलीतल्या खिचडीची रांग मला आता वेगळी दिसू लागली आहे.

कलम_आणि_कागद
मी महसूल खात्याशी संबंधित वकिली करतो, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. धागाकर्त्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथे सापडेल, असे माझे मत आहे.

पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांच्या बाबतीत दोन्ही देशांनी लवकरच मान्य केले की ही माणसे परत जाणार नाहीत. इकडून तिकडे गेलेल्या मुसलमानांची मालमत्ता 'निष्क्रांत मालमत्ता' म्हणून सरकारने ताब्यात घेतली. तिकडून इकडे आलेल्यांनी मागे काय सोडले याचे दावे भरून घेतले, तपासले, आणि १९५४ च्या विस्थापितांच्या नुकसानभरपाई व पुनर्वसन कायद्याने त्या मालमत्तेतून व सरकारी निधीतून भरपाई दिली. सिंधी आणि पंजाबी घरांतून आजही 'क्लेम' हा शब्द ऐकू येतो, तो इथून आला. या कायद्यात 'विस्थापित व्यक्ती' या संज्ञेची जी व्याख्या आहे, ती पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांपुरती आहे.

पूर्वेकडे नेमके उलटे घडले. ८ एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत कराराचा पायाच असा होता की लोक आपापल्या घरी परततील आणि त्यांच्या मालमत्तेवरचा त्यांचा हक्क अबाधित राहील. निष्क्रांत मालमत्तेचा कायदा पश्चिम बंगाल, आसाम, त्रिपुरा यांना लागूच केला नाही. कागदोपत्री घर आपलेच असल्यामुळे पूर्व बंगालच्या शेतकऱ्याला भरपाई मागता येईना, आणि ते घर सीमेपलीकडे असल्यामुळे त्यात राहताही येईना. त्याला मदत मिळाली ती छावणीतल्या शिध्याच्या आणि पुढे पुनर्वसनाच्या जमिनीच्या रूपाने. पहिल्याला हक्काची भरपाई मिळाली, तर दुसऱ्याला सरकारच्या मर्जीची मदत.

जुनी_इतवारी
वकीलसाहेब, आपला युक्तिवाद नेटका आहे, पण तारखा जुळत नाहीत. कायदा १९५४ चा आणि सायकलवरचे गठ्ठे १९४८ चे. क्लेमचे पैसे हातात पडायला कित्येकांना त्यानंतरही वर्षे लागली. तोवर ही माणसे रेल्वेच्या डब्यांत लिमलेटच्या गोळ्या विकत होती आणि तरीही उभी राहिली.

कोकी_पापड
दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आमच्या आजोबांच्या क्लेमची रक्कम जेव्हा आली, तेव्हा ती दोन खोल्यांच्या घराच्या डागडुजीत संपली. त्यामुळे भरपाईने कोणी श्रीमंत झाले असे मी म्हणणार नाही. परंतु कामी आली ती आणखी एक गोष्ट. आमच्या वस्तीत एखाद्याला ठोक व्यापाऱ्याकडून पहिला माल उधारीवर हवा असेल, तर 'हा अमक्या गावच्या अमक्याचा मुलगा' एवढे सांगणारा माणूस शेजारच्या गल्लीत सापडे. शिकारपूरचे, लाडकाण्याचे, सख्खरचे लोक जवळजवळ राहत होते आणि मुंबईपासून कटनीपर्यंत प्रत्येक शहरात त्यांचे नातलग होते. सिंधमधले हिंदू मुख्यतः शहरांत राहणारे होते, त्यामुळे त्यांना शहरात आणून टाकले तेव्हा त्यांची विद्या वाया गेली नाही. माझ्या आजोबांसारखा एखादा मास्तर सोडला तर.

एक नोंद मात्र करते. पंजाब आणि बंगाल दुभागले, तरी त्यांचा एकेक तुकडा भारतात राहिला. सिंध अख्खा पलीकडे गेला. १९६७ साली सिंधी भाषा आठव्या अनुसूचीत आली, पण आमच्या घरात आजीची अरबी वळणाची पत्रे वाचू शकणारे आता कोणी नाही. माझी मुले हिंदी बोलतात, बरे मराठी बोलतात, आणि सिंधीतून त्यांना फक्त जेवायला बोलावलेले समजते. सामाजिक पत मोजताना हा कप्पा कुठे धरायचा?

सदर_बाजार
जेवायला बोलावलेले समजत असेल आणि ताटात दाल-पकवान असेल, तर भाषा अजून पूर्ण गेलेली नाही.

मुलचेऱ्याचा_मास्तर
आता सवडीने लिहितो. माझे आजोबा खुलना जिल्ह्यातले नामशूद्र, म्हणजे बंगालमध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले, शेतकरी. पूर्व बंगालमधून लोक एकदम आले नाहीत, लाटांनी आले, आणि ज्यांच्याकडे शिक्षण किंवा कोलकात्यात नातलग होते ते बहुतेक आधीच्या लाटांत निघून गेले. जमिनीला धरून बसलेले आमच्यासारखे लोक शेवटी निघाले. आमचे कुटुंब जानेवारी १९६४ च्या दंगलींनंतर निघाले. तोवर पश्चिम बंगाल सरकारने जागा नाही असे सांगून हात वर केले होते. त्यामुळे रायपूरजवळची माना छावणी, तिथे तंबूत दोन पावसाळे, आणि मग तेव्हाच्या चंद्रपूर (पूर्वीच्या चांदा) जिल्ह्यातली ही वसाहत.

आमचा शेतकरी म्हणजे पाण्यातला शेतकरी होता. 'बिल' म्हणतात तसल्या खोलगट, पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या जमिनीत होडीवर उभे राहून भात कापणारा. त्याला आणून उतरवले ते मुरमाड माळावर, जिथे विहिरीला पाणी लागत नव्हते. पहिल्या वर्षी आजोबांनी सवयीने रोवणी केली आणि पाऊस ओढ देऊन गेला, तेव्हा ते बांधावर बसून राहिले, असे आजी सांगे. तिसऱ्या वर्षी त्यांनी शेताच्या खालच्या कोपऱ्यात स्वतः तळे खोदायला घेतले. दिवसा मजुरी आणि रात्री चांदण्यात खोदकाम. ते तळे आजही आहे. त्यात आम्ही रोहू आणि कतला सोडतो, काठावर वांगी आणि कारली लावतो, आणि माझ्या मास्तरकीच्या पहिल्या पगारापेक्षा त्या तळ्याचे उत्पन्न जास्त होते. तेव्हा उद्यमशीलता आमच्या रक्तात नाही, हे म्हणणे मी विनयपूर्वक परत करतो.

मात्र तळ्याच्या उत्पन्नावर दुकान टाकायचे म्हटले की गाडी अडे. आमच्या सातबारावर कित्येक वर्षे 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा होता. परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नव्हती. पीककर्ज मिळे, पण धाकट्या भावाला आष्टीला खतांचे दुकान काढायचे होते, तेव्हा तारण म्हणून ती जमीन चालेना. तो परवानगीसाठी एका कार्यालयात चौदा वेळा गेला, आणि शेवटी बसभाड्याचाच खर्च इतका झाला की त्याने सायकल दुरुस्तीची टपरी टाकली.

पासबुक_बंद
मास्तर, मीच त्या काउंटरच्या अलीकडे बसलेला माणूस होतो, कदाचित आपल्या भावासाठी नव्हे, पण त्याच्यासारख्या अनेकांसाठी. जरीपटक्यातल्या दुकानदाराची फाइल मी दोन आठवड्यांत मंजूर करत असे, कारण कागद स्वच्छ असे आणि विकले तर पैसे वसूल होतील असे तारण असे. चामोर्शीत अर्जदार तितकाच प्रामाणिक, परतफेड कित्येकदा जास्त नियमित, आणि तरीही मी पीककर्जाच्या पुढे जाऊ शकत नव्हतो. इतवारीकरांच्या १९४८ च्या सायकलला उत्तर देता येणार नाही, पण १९८५ नंतर दोन्हीकडची मुले कुठे पोचली, याचे उत्तर माझ्या मते या शेऱ्यात आहे.

जुनी_इतवारी
हे मला ठाऊक नव्हते. परंतु जरीपटक्यातही कित्येक भूखंड पट्ट्याचेच (भाडेकराराचेच) होते आणि मालकी हक्काची तक्रार तिथेही चालूच असते. मग तिथे कर्जे कशी मिळाली?

कलम_आणि_कागद
पट्टा आणि वर्ग २ हे दोन्ही अपुरे हक्क आहेत, हे खरे आहे. फरक जागेचा आहे. शहरातल्या दुकानात माल असतो, येणी असतात, उलाढाल वहीत दिसते, आणि बँक त्यावरही कर्ज देते. वसाहतीतल्या शेतकऱ्याकडे जमिनीखेरीज दाखवण्यासारखे काही नसते.

दीक्षाभूमी_चौक
एका बाजूचा अजून उल्लेख झालेला नाही, आणि तो नागपूरकराने करायला हवा. १९४६ साली डॉ. आंबेडकर संविधान सभेवर निवडून गेले ते मुंबई प्रांतातून नव्हे, बंगालमधून, आणि त्यासाठी झटणारे जोगेंद्रनाथ मंडल नामशूद्र समाजाचे होते. हेच मंडल पुढे पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि ऑक्टोबर १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात आले. त्यांच्याच समाजाची माणसे आज आमच्या गडचिरोली आणि चंद्रपुरात राहतात. नामशूद्र ही जात पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही, कारण कलम ३४१ खाली ही यादी राज्यनिहाय असते आणि तिच्यात बदल करायचा तर संसदेलाच करावा लागतो. म्हणजे धंतोलीतल्या घरी भांडे निराळे ठेवण्याइतकी जात होती, पण प्रवेशाच्या खिडकीवर ती नव्हती.

मुलचेऱ्याचा_मास्तर
माझी मुलगी नागपुरात अभियांत्रिकी शिकली ती खुल्या प्रवर्गातून. मला तिचा अभिमान आहे. तिच्यासारख्या ज्या नऊ जणी माझ्या वर्गात होत्या, त्यांतल्या सात जणींची लग्ने बारावीच्या आत झाली, हेही मला दिसते. सिंधी समाजालाही आरक्षण नव्हते असे कोणी म्हणेल, म्हणून आधीच सांगतो की शाळेत पोचण्याची ज्यांची पहिलीच पिढी होती, त्यांची तुलना आमिलांच्या नातवंडांशी होऊ शकत नाही.

कोकी_पापड
मास्तर, आमिलांची नात या नात्याने अनुमोदन देते.

कोरची_कडचा
दोन आलेल्या समाजांची तुलना वाचतो आहे आणि आधीपासून असलेल्यांचा उल्लेख शोधतो आहे. मी गोंड आहे. ज्याला वर 'जंगलात उतरवले' असे म्हटले, त्या जंगलात आमची शिकार, मोहफुले आणि गुरांच्या वाटा होत्या. मास्तरांच्या आजोबांवर माझा राग नाही, त्यांना कोणी विचारून आणले नव्हते. आम्हालाही कोणी विचारले नव्हते. आमच्या भागात भाजी आणि मासे बंगाली माणसाकडून घेतात आणि त्याच्या चिकाटीचे कौतुकही करतात, पण यादीत नाव घालण्याच्या मागणीचा विषय निघाला की कपाळावर आठी पडते, कारण जिल्ह्यातल्या जागा मोजक्या आहेत.

दीक्षाभूमी_चौक
अनुसूचित जाती आणि जमातींच्या जागा वेगवेगळ्या असतात, त्यामुळे ती भीती तितकीशी खरी नाही. पण जमिनीविषयीचे आपले म्हणणे निरुत्तर करणारे आहे.

मुलचेऱ्याचा_मास्तर
मला मान्य आहे. तळे खोदायला कुठे पाणी लागेल, ते आजोबांना शेजारच्या माडिया म्हाताऱ्याने दाखवले होते. आमच्या घरात नवान्नाचा पहिला वाटा अजून त्यांच्या घरी जातो.

खामला_लेआउट
थोडे वर्तमानाकडे. सिंधी म्हणजे १९४८ साली आलेलेच, असे सगळे गृहीत धरून चालले आहेत. आमच्या शेजारी एक कुटुंब सिंधमधून अलीकडे, म्हणजे १९९० नंतर आलेले आहे. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर त्यांनी किती वर्षे काढली याची मोजदाद नाही. २०१६ साली नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले, तेव्हा त्या घरातल्या दोघांचे काम झाले आणि दोघांचे राहिले. तोच समाज, तीच आडनावे, तोच झुलेलाल आणि तेच चेटीचंड. तरीही नागरिकत्व नसताना त्या घरच्या हुशार मुलाला सरकारी परीक्षेचा अर्ज भरता आला नाही, आणि तो जरीपटक्यात एका दुकानात माप घेण्याचे काम करतो. रक्ताच्या सिद्धांताचे आमच्या सोसायटीपुरते तरी खंडन झाले आहे.

सदर_बाजार
धागाकर्त्यांच्या सोसायटीतल्या गृहस्थांना आता खामल्याला फिरायला न्यावे.

कोकी_पापड
काल रात्री हा धागा वाचून मी लोखंडी पेटी उघडली. आजोबांच्या क्लेमच्या अर्जाची प्रत त्यात आहे. चार पाने आहेत. घराचे क्षेत्रफळ, भिंती कशाच्या, खोल्या किती, शेजारी कोण, भाडे येत असल्यास किती, आणि खाली साक्षीदारांच्या सह्या. आजोबांनी अंगणातल्या कडुनिंबाचीही नोंद केली आहे आणि कोणा कारकुनाने ती लाल शाईने खोडली आहे.

मुलचेऱ्याचा_मास्तर
आमच्याकडे माना छावणीचे कार्ड आहे. एकच पुठ्ठा आहे. कुटुंबप्रमुखाचे नाव (चुकीचे लिहिलेले), मोठी माणसे किती, बारा वर्षांखालील किती, आणि मागच्या बाजूला शिधा दिल्याच्या तारखा. मागे काय सोडले, हे लिहायला त्यावर जागा नाही.

पासबुक_बंद
मास्तर, जागा असती तर आजोबांनी काय लिहिले असते?

मुलचेऱ्याचा_मास्तर
आजी मोजून दाखवायची. दोन तळी, सुपारीची एकवीस झाडे, एक दुभती गाय, आणि एक होडी, जी निघताना त्यांनी शेजारच्या मुसलमान मित्राच्या घाटावर बांधून ठेवली होती, कारण तेव्हा त्यांना वाटत होते की पेरणीपर्यंत परत येऊ.